मी बाहेर, देवी आत

दुपारी लाईट गेली की कधीकधी मी माझ्या शरीराबाहेर जाते. हे असं सरळ सांगितलं की ऐकणारा एक तर फिदीफिदी हसतो, नाहीतर पाया पडायला वाकतो. मला दोघांचाही सारखाच राग येतो.

घाटनांदूरला आमची पिठाची गिरणी आहे. नवरा शेताकडं बघतो, गिरणी मी चालवते. उभं राहून राहून पाठ दुखायची, म्हणून मोबाईलवर बघून शिकले: सतरंजीवर उताणं पडायचं, अंग सैल सोडायचं आणि श्वास येतो-जातो तेवढंच बघत राहायचं. लाईट गेली की गिरणीचा घरघराट थांबतो, बाया दळणाचे डबे ठेवून घरी जातात आणि मला पडायला मिळतं. पाठीचं काही बरं झालं नाही. पण एका दुपारी बघते तर मी वर.

वर म्हणजे पत्र्याखाली. झोप नव्हती ती, झोपेत मी कुठं आहे हे कळत नाही, तेव्हा चांगलं कळत होतं. लोखंडी अँगलवर साचलेला पिठाचा थर दिसला. गिरणीच्या तोंडात अर्धवट राहिलेली ज्वारी दिसली. आणि खाली सतरंजीवर एक जाडसर बाई तोंड वासून पडलेली. शी, म्हटलं, कोण हे ध्यान! तर ती मीच. मग एकदम भीती वाटली, ही अशी पडलीय आणि कोणी दळण घेऊन आलं तर? त्या भीतीनंच दाणकन आत आले. कितीतरी वेळ हातापायाला मुंग्या येत होत्या.

मग मी शिडी लावून अँगलवर हात फिरवला. थर होता. पण गिरणीत पीठ साचणारच, त्यात काय मोठं सिद्ध झालं? पुढच्या वेळी पत्र्यावर काय पडलंय ते बघून यायचं ठरवलं, तर पत्र्यापलीकडं जाताच येईना. मेंदूचा खेळ असेल. असेलही. पण वर असताना जिला हलकं वाटतं ती कोण आणि खाली जिची पाठ दुखते ती कोण, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "जाताना गिरणीला कुलूप लावून जात जा."

सासूला मात्र काही बोलले नव्हते. आमचं दोघींचं कधी पटलं नाही. भाजीत मीठ जास्त की कमी, यावरून सुरू झालेलं भांडण चहाच्या कपापर्यंत चालायचं. आणि त्या दिवसांत तर घरात वेगळाच घोर होता. पाळी जाऊन जमाना झालेला, तरी सासूला पुन्हा रक्त जायला लागलं होतं. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, पिशवीत गाठ आहे, थांबू नका. दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांचंही तेच. पण पिशवी उगीचच काढून घेतलेल्या बाया आमच्या भागात गल्लोगल्ली आहेत. त्यांचं ऐकून सासू हटून बसली. सासऱ्यांचं ऐकेना, लेकाचं ऐकेना. "मरंन, पर पिशवी देनार न्हाई," एवढंच. माझं ऐकण्याचा तर प्रश्नच नव्हता. दिवसेंदिवस पांढरी पडत चालली होती. मी तिच्यावर चिडचिड करायचे आणि आतून पार टरकलेली असायचे.

अशातच एका दुपारी लाईट गेली, मी आडवी झाले आणि वर गेले. तेवढ्यात सासू गिरणीत आली. वरून तिचा विरळ झालेला भांग दिसला. तिनं हाक मारली. मला ऐकू आली, पण ओ द्यायला तोंड खाली होतं. तिनं हलवून बघितलं. अंग ताठ, डोळे अर्धे उघडे. दुसरीकडं कोणी डॉक्टरला बोलवायला पळालं असतं. आमच्याकडं बाई अशी पडली की त्याचा एकच अर्थ, अंगात आलं. सासू घरात गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली, माझं कपाळ भरलं आणि गिरणीतल्याच ज्वारीनं माझी ओटी भरली. मी गेलेय बाहेर आणि हिला वाटतंय कोणीतरी आत आलंय! अंगात येण्याच्या प्रकाराचा मला पहिल्यापासून तिटकारा. म्हटलं, आत जावं आणि हिला चांगली फैलावर घ्यावी.

आत आले, डोळे उघडले, उठून बसले. सासू समोर हात जोडून बसलेली.

"आई, खरं सांग. आपरेशन करू का नको? लई भ्या वाटतंय गं."

भीती वाटते, हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. आत्ताही मला नव्हतीच सांगत. 'उठा आत्या, मी आहे' हे अगदी ओठावर आलेलं मी गिळलं. तसं म्हटलं असतं तर ती पदर झटकून निघून गेली असती आणि गाठ तशीच राहिली असती. देवीचा आवाज कसा असतो मला काय ठाऊक? जमेल तसा जाडा आवाज काढला.

"कर. लगेच कर. अंबाजोगाईलाच कर, बीडला नको. डबा न्यायला बरं पडतं."

तिनं जमिनीला डोकं टेकवलं आणि गेली. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. अजून थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, आता दारात लिंबं घेऊन बायांची रांग लागणार. पण एकही आली नाही. सासूनं कोणाला सांगितलंच नव्हतं.

दवाखान्यात ती जरा बोलायला लागली तेव्हा, दुखतंय का हे विचारायचं सोडून मी भलतंच विचारलं.

"आत्या, भूल दिल्यावर वर गेल्यासारखं झालं का? खाली स्वतःला बघितलं का?"

"न्हाई बा. लाईट गेल्यावानी झालं. डोळे उघडले तर तू डबा घिऊन हुभी."

मी तिला चमच्यानं पेज भरवत होते. दोन घास गिळून ती म्हणाली, "देवीला कशाला गं डब्याची काळजी?"

"तेव्हाच कळलं तुम्हाला?"

"तवाच."

"मग तयार कशा झालात?"

"देवी काय, कुनालाबी कर म्हनंल. डबा घिऊन येनारी घरात हाय, हे मला ठावं नव्हतं."

मी रडले. चमचा हातात तसाच धरून, शेजारच्या खाटेवरची बाई बघत असताना सरळ रडले. मग तिला सगळं सांगितलं, सतरंजी, पत्रा, वर जाणं. ती हसली नाही आणि पायाही पडली नाही. तिनं एकच विचारलं, "तू वर गेल्यावर खाली अंगाजवळ कोन असतं?" मी म्हटलं, कोणी नाही, म्हणून तर घाबरून लगेच परत येते.

मिठावरून आम्ही अजून भांडतो. पत्र्यापलीकडं मला अजून जाता आलेलं नाही, आणि वर जाते ती खरोखर मीच का, तेही कळलेलं नाही. पण आता लाईट गेली की सासू गिरणीच्या दारात पाट टाकून बसते. कोणी दळण घेऊन आलं तर "सून निजलीय, डबा ठिवा नि जावा" म्हणून वाटेला लावते. मी सतरंजी अंथरली की मागं न बघताच म्हणते, "जा तू. मी हाय हितं."