बेंबीवरचा हिंग

दवाखान्यात समोर कॉलेजातला एक मुलगा कळवळत बसला होता. “पोटात दुखतंय,” असं आईला सांगत होता, पण हात पोटाच्या बराच खाली.

माझं कॉलेज आठवलं. मीही लाजून पोटच सांगितलं होतं. आईने बेंबीवर हिंग लावला, दिवसभर मायेने थोपटलं. दुखत होतं ते पीळ पडलेलं वृषण. उशीर झाला म्हणून ते काढावं लागलं. आईने गल्लीभर ‘अपेंडिक्स’ सांगितलं. तो हिंगाचा वास मला अजून आवडतो.

मी मुलाला हळूच विचारलं, “खाली दुखतंय ना?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

“डॉक्टर, याला आधी घ्या! वृषणाला पीळ असेल!” मी ओरडलो.

सगळे वळले. माझी आई असती तर म्हणाली असती, “अरे, हळू बोल!”