सुमीतसाठी बुक केलेली गाडी

मधुकर आफळ्यांनी आयुष्यात सायकलीच्या पुढचं वाहन कधी चालवलं नव्हतं. उज्जैन स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांची तेहतीस वर्षं नोकरी झाली. दौलतगंजातले व्यापारी त्यांना बडे बाबू म्हणत, रिटायर झाल्यावरही म्हणत. अशा माणसानं बासष्टाव्या वर्षी इलेक्ट्रिक पिकअप बुक केली, तेव्हा फ्रीगंजातल्या ओळखीच्यांना गंमत वाटली. बडे बाबू, अब ट्रान्सपोर्ट खोलोगे क्या, असं कुणी विचारलं की ते नुसते हसत.

गाडी सुमीतसाठी होती. सुमीत त्यांचा एकुलता मुलगा, एकतीस वर्षांचा. पुण्यात ज्या कंपनीत तो होता, तिनं त्याचा अख्खा विभाग बंद केला. त्यानंतर चार महिन्यांत त्याची बायको मृण्मयी माहेरी गेली आणि तिनं वकिलामार्फत कागद पाठवले. जुलैत तो दोन बॅगा घेऊन घरी आला आणि आतल्या खोलीत जाऊन निजला. मग निजूनच राहिला. जेवायला यायचा, अर्धी पोळी खायचा. रजनीताई दाराशी उभ्या राहून काही विचारायच्या, तर म्हणायचा, "ठीक आहे गं आई."

सप्टेंबरात एका सकाळी कटलरीचे व्यापारी भय्यासाहेब मधुकररावांकडे आले. माल स्टेशनवर पडून राहतो, टेम्पोवाला वेळेवर येत नाही, आला की दुकानासमोर इंजिन चालू ठेवून धूर सोडतो, अशी त्यांची तक्रार होती. जुन्या माणसाशी मन मोकळं करायला आले होते, एवढंच. पण आतल्या खोलीचं दार उघडलं आणि सुमीत बाहेर येऊन म्हणाला, "काका, रोज साधारण किती नग येतात?"

दोन महिन्यांत त्यानं विचारलेला तो पहिला प्रश्न होता. रजनीताई चहाचा कप हातात धरून स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या.

त्यानंतर सगळं भराभर झालं. स्टेशनवरचा माल आपल्याच गाडीनं दुकानांपर्यंत पोचवायचा, असं ठरलं. सुमीतनं वही काढली, दौलतगंजातल्या दुकानांची यादी केली, कुठल्या गल्लीत कुठल्या बाजूनं शिरायचं याचा नकाशा काढला. बापलेक नानाखेड्याकडच्या शोरूममध्ये गेले. तिथल्या निहारिका नावाच्या मुलीनं त्यांना गाडी चालवून बघायला दिली. इंदौर रोडवर सुमीतनं ती चालवली, मधुकरराव शेजारी बसले होते. इंजिनाचा आवाज नव्हता, त्यामुळे मुलगा गुणगुणतो आहे हे त्यांना ऐकू आलं. त्यांनी मान खिडकीकडे वळवून ठेवली.

"दिवाली तक दे देंगे," बुकिंग घेताना निहारिका म्हणाली.

गाडी आत यावी म्हणून त्यांनी अंगणाची भिंत सहा फूट फोडली. मिस्त्री आला होता, पण घण सुमीतनंच चालवला. चार्जिंगचा पॉइंट बसवला. रोज सकाळी दोघं बाजारात जायचे, मधुकरराव ओळख करून द्यायचे आणि सुमीत बोलायचा. "हमारे बडे बाबू का लडका है, तो बात पक्की," असं आठ-दहा दुकानांनी सांगितलं. घरी आल्यावर सुमीत दोन वेळा भात मागून घ्यायचा.

दिवाळी आली. गाडी आली नाही. बॅटरीचा लॉट अडकलाय, निहारिकानं फोनवर सांगितलं, नोव्हेंबरअखेर नक्की. नोव्हेंबर संपला तेव्हा ती म्हणाली, संक्रांतीच्या आत. भिंतीच्या भगदाडातून गाई आत यायच्या आणि रजनीताईंची झाडं खाऊन जायच्या. सुमीत सुरुवातीला त्यांना हाकलायला धावायचा. पुढे पुढे खिडकीतून नुसता बघत राहायचा.

डिसेंबरात त्यानं बाजारात जाणं सोडलं. "गाडी नाही आणि मी रोज तोंड दाखवायला कशाला जाऊ? फालतूच वाटतं," तो म्हणाला. दाढी वाढली. पोळी पुन्हा अर्ध्यावर आली.

"अहो, हे रद्द करा," रजनीताई म्हणाल्या. "दुसऱ्या कंपनीची घ्या. डिझेलची घ्या. काहीही आणा."

"ही त्यानं निवडलीय," मधुकरराव म्हणाले. "ही रद्द केली तर म्हणेल, हेही बुडालं."

जानेवारीत ते एकटेच शोरूमला गेले. निहारिका नेहमीसारखी हिंदीत सुरू झाली, "सर, ऊपर से ही नहीं आई, हम क्या करें."

मधुकरराव समोरच्या खुर्चीवर बसले. जे त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं, ते त्यांनी तिला मराठीत सांगितलं. "बेटा, माझा मुलगा उठत नाही. सकाळ होते आणि तो उठत नाही. गाडीच्या नावानं उठला होता. मला उशिराचं कारण नको. तारीख सांग, मी त्याला तारीख सांगेन."

तिनं कॉम्प्युटरवर यादी उघडून बघितली. मग तीही मराठीत म्हणाली, "काका, खरं सांगते. फेब्रुवारीच्या लॉटमध्येसुद्धा तुमचं नाव नाही. मार्चचं मला माहीत नाही."

घरी परतताना त्यांनी ऑटो घेतली नाही, चालत आले. सुमीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"पुढच्या आठवड्यात येतेय," मधुकररावांनी सांगितलं. "गाडी कारखान्यातून निघालीय."

सुमीत उठून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली. त्या दाढी केलेल्या चेहऱ्याकडे बघून मधुकररावांना बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटली. आठवड्यानंतर त्यांनी सांगितलं, गाडी इंदौरला आलीय, कागद व्हायचेत. त्याच्या पुढच्या आठवड्यात सांगितलं, आर.टी.ओ.त नंबर लागलाय. नोकरीच्या तेहतीस वर्षांत त्यांनी कुणाला खोटी तारीख सांगितली नव्हती. आता ती रोज चहाबरोबर सांगत होते.

फेब्रुवारीच्या मध्यावर सुमीतनं स्वतः शोरूमला फोन लावला. दुपारी मधुकरराव पेपर वाचत बसले होते, तिथे तो येऊन उभा राहिला.

"बाबा, गाडी अजून बनलीच नाहीये."

मधुकररावांनी पेपर खाली ठेवला.

"तुम्ही मला महिनाभर खोटं सांगत होता."

"तू उठावंस म्हणून," ते म्हणाले.

सुमीत चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं मधुकररावांना नंतर पुष्कळदा वाटलं. तो सावकाश म्हणाला, "पुण्यातसुद्धा शेवटच्या दिवसापर्यंत सगळे म्हणत होते, काळजी करू नकोस. मृण्मयीही म्हणत होती. निदान तुम्ही तरी नको होतं असं करायला."

चार दिवसांनी तो मुंबईच्या गाडीनं निघाला. भिवंडीच्या एका गोदामात ओळखीच्या मित्रानं कामाला लावतो म्हणून सांगितलं होतं. मधुकरराव स्टेशनवर गेले. पार्सल ऑफिसच्या दारातून जुन्या हमालानं हात केला आणि विचारलं, "बाबूजी, गाडी आ गई?" सुमीतनं ते ऐकलं. डब्यात चढताना तो वाकून वडिलांच्या पाया पडला, पण वर बघितलं नाही.

गाडी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली. शोरूममध्ये तिला हार घातला होता. मधुकररावांच्या हातात पुठ्ठ्याची मोठी किल्ली देऊन फोटो काढला. निहारिकानं पेढा पुढे केला आणि हळूच विचारलं, "मुलगा कसा आहे?" ते म्हणाले, "बाहेरगावी आहे." शोरूमच्या ड्रायव्हरनं गाडी घरी आणून अंगणात लावली. रजनीताईंनी कुंकू लावलं, नारळ फोडला आणि आत जाऊन रडल्या.

मधुकररावांनी सुमीतला फोन केला. मागे गोदामातला गलका ऐकू येत होता.

"गाडी आली रे."

"अच्छा. चांगलं झालं."

"तू कधी येतोस?"

"एखादा ड्रायव्हर ठेवा ना, बाबा," सुमीत म्हणाला. "मला इथे बोलावतायत, ठेवतो."

तोवर दौलतगंजातल्या बहुतेक दुकानांनी दुसरा माणूस बांधला होता. भय्यासाहेबांना वाईट वाटलं, पण त्यांनाही सहा महिने कुणी थांबत नाही हे कळत होतं. "तुम्ही सांगाल तर आमचा माल देऊ, बडे बाबू," ते म्हणाले. एका दुकानाच्या मालावर गाडी चालत नव्हती. तरी एक ड्रायव्हर ठेवला. तो दिवसातून एक खेप करायचा आणि उरलेला वेळ गाडीत झोपायचा.

जुलैत सुमीत दोन दिवसांसाठी आला. खूप वाळला होता. भिवंडीचं काम सुटलं होतं, आता सुरतेला कुठे तरी होता, नीट सांगत नव्हता. सकाळी तो अंगणात गेला आणि गाडीभोवती एक फेरी मारून हौद्याच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला. मधुकरराव किल्ली घेऊन मागोमाग गेले.

"बसून तर बघ. इंदौर रोडपर्यंत जाऊन ये."

"नको."

"मी येतो बरोबर."

"बाबा," सुमीत म्हणाला, "मला गाडीचं काही नाहीये. मला कशाचंच काही वाटत नाही."

मधुकररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली हाडं लागली. दोघं तसेच उभे राहिले, मग सुमीत आत जाऊन पलंगावर आडवा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी देवास गेटवरून त्यानं बस पकडली. बस सुटेपर्यंत मधुकरराव खाली उभे होते आणि खिडकीपाशी बसलेला मुलगा फोनमध्ये बघत होता.