उस्तादांच्या दंडावरचं नाव

माझ्या काकांना सगळी वसाहत उस्ताद म्हणते. तीस वर्षं त्यांनी सैन्यात कवायत शिकवली. त्यांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण त्यांचा घसा अजून निवृत्त झालेला नाही. दुधाची पिशवी तिरकी ठेवली म्हणून दूधवाल्याला सावधान उभं करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्या कपाटातले शर्ट एका रेषेत, दाराबाहेरच्या चपला एका रेषेत. मी त्यांचा सख्खा पुतण्या, वय पन्नास, शाळेत भूगोल शिकवतो. माझा पट्टा ते अजून येता-जाता सरळ करतात.

अशा माणसाच्या सरकारी कागदातच वाकडं निघालं.

काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. परवा तर त्यांनी मला गॅसवाला समजून रिकामं सिलिंडर हातात दिलं, आणि मीही बावळटासारखं ते अर्ध्या जिन्यापर्यंत नेलं. सैनिकांच्या इस्पितळात ऑपरेशनची तारीख मिळाली होती, येत्या महिन्यातला शेवटचा शुक्रवार. पण तिथे आता जुनं कार्ड चालत नव्हतं. नवं कार्ड नसेल तर नंबर गेला, पुढची तारीख सात महिन्यांनी. नव्या कार्डासाठी नवरा-बायको दोघांनी जातीने हजर राहायचं, आणि अंगावरची खूण भरतीच्या नोंदीशी जुळायला हवी.

कार्डाच्या ऑफिसात खिडकीमागच्या मॅडमनी पडद्यावर वाचलं, "उजव्या दंडावर गोंदलेलं बाईचं नाव. बाही वर करा."

काकांनी बाही वर केली. दंड कोरा.

"डावा बघू."

डावाही कोरा. "मॅडम," काका त्यांच्या मैदानी आवाजात म्हणाले, "माझ्या अंगावर कुठेही बाई नाही!"

अख्खा हॉल वळून बघायला लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागच्या बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांचे डोळे गेले असले तरी कान शाबूत होते.

"कोणाचं नाव?" त्यांनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही, काकू. नुसतं बाईचं नाव, एवढंच आहे," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे होती कोणीतरी."

त्यानंतर तीन दिवस घरात भाजीला मीठ नव्हतं आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

काकांची खरी खूण हनुवटीखाली आहे. लहानपणी ते गरम इस्त्रीवर पडले होते, त्याचा चांगला रुपयाएवढा डाग. रस्त्याच्या पलीकडूनही दिसतो. पण मॅडमचं म्हणणं, डाग दिसतोय हे खरं, तो नोंदीत का नाही ते सांगा. आणि ते नाव ज्याच्या दंडावर आहे, त्याला घेऊन या.

मी दोन अर्ज लिहिले, तीन हेलपाटे घातले आणि शेवटी वैतागलो. "काका, घ्या की गोंदवून. काकूंचंच नाव घाला. अर्ध्या तासाचं काम आहे."

"कागद चुकला म्हणून मी अंग बदलू? उद्या कागदात लंगडा लिहिलं तर पाय तोडशील माझा?"

"माझं नाव नको हं," आतून काकूंचा आवाज आला. "आधीची रागावेल."

त्या रात्री म्हणे काकांना झोप नव्हती. सकाळी सहाला त्यांचा फोन आला, "जिराफ!"

जिराफ म्हणजे त्यांच्याबरोबर भरती झालेला दोस्त. सहा फूट चार इंच. बसने तीन तासांवर मुलीकडे राहतो. आम्ही गेलो तर गृहस्थ पाठीचं कुबड काढून बाल्कनीत कोथिंबीर निवडत बसलेले. काकांनी राम राम घालायच्या आधी त्यांची बाही वर केली. होतं! निळं, पुसट, सुरकुत्यांत गेलेलं, पण बाईचं नाव होतं.

जिराफांनी घाईघाईने बाही खाली ओढली. "हळू बोल. ही माझी आत्या, असं घरी सांगितलंय. तूही तेच सांग."

कोथिंबीर निवडता निवडता सगळा उलगडा झाला. भरतीच्या दिवशी सगळे आले तसे रांगेत उभे होते. डॉक्टर एकेकाची खूण सांगत गेला आणि कारकून ती क्रमाने उतरवत गेला. नावं नंतर लिहायची होती. डॉक्टर गेला आणि तेवढ्यात कवायतीचा उस्ताद आला. त्याला रांगेच्या मध्येच एक ताडमाड माणूस दिसला आणि त्याचं डोकं फिरलं. उंच माणूस पहिला! त्याने जिराफांना उचलून रांगेच्या तोंडाशी उभं केलं. त्यांच्या पुढे होते ते सगळे एकेक जागा मागे सरकले. मग नावं लिहिली गेली. जिराफांच्या बरोबर पुढे काका होते. ते सरकून जिराफांच्या जागी आले आणि जिराफांचा दंड त्यांच्या नावावर चढला.

काकांनी हातातली कोथिंबिरीची काडी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी स्वतः हे शेकडो वेळा केलंय रे. उंच दिसला की उचलून पुढे." तीस वर्षांत आपण किती जणांचे हातपाय इकडचे तिकडे केले असतील, या विचाराने ते परतीच्या बसमध्ये हैराण होते. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती.

बुधवारी आम्ही चौघं ऑफिसात हजर झालो. ऑपरेशनला मध्ये एकच दिवस उरला होता. मॅडमनी दंड बघितला, जबानी घेतली, आणि चक्क मान डोलावली. "नाव यांच्या फाइलला लावते."

"मग माझ्या फाइलला आत्ता काय आहे?" जिराफांनी विचारलं.

"डाव्या पायाला सहा बोटं."

जिराफ आपल्या बुटाकडे बघत राहिले.

"आणि उस्ताद, तुमचा डाग तुमच्या पुढे जो उभा होता त्याच्याकडे गेलाय. त्यांना आणा, सही झाली की डाग तुमचा."

काकांनी टोपी काढली. "तो नाही येणार, मॅडम. भरतीनंतर दुसऱ्याच वर्षी पूल बांधताना वाहून गेला. एकोणीस वर्षांचा होता."

मॅडमनी उगाचच दोन बटणं दाबली. "त्यांच्या सहीशिवाय काढता येत नाही. आणि एका तुकडीत एकच डाग दोघांना लावला की कॉम्प्युटर लाल होतो."

"काढू नका. राहू दे त्याच्याकडे," काका म्हणाले. त्यांचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. त्या मुलाच्या फाइलीत दुसरं असणार तरी काय होतं?

"मग दुसरी खूण सांगा. अंगावर कुठलीही चालेल. पाचला मशीन बंद होतं."

पावणेपाच वाजले होते. काका हात उलटेपालटे करून बघू लागले. मी आणि जिराफांनी त्यांना दाराशी उजेडात नेऊन कपाळ, गाल, मान, मनगटं सगळं तपासलं. एवढी वर्षं सैन्यात राहून माणसाला साधा ओरखडा येऊ नये? मी मनात त्यांच्या नशिबाला शिव्या घालत होतो.

"डाव्या कानामागे तीळ आहे," काकू बाकावरून म्हणाल्या. "त्याला लागून खाली अजून एक, बारीक. लिहा."

"मला तीळ नाही," काका म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

मॅडम खिडकी सोडून बाहेर आल्या आणि त्यांनी काकांचा कान धरून वाकवला. दोन तीळ. एक ठळक, एक बारीक.

"काकू, तुम्हाला तर दिसत नाही ना?" मॅडमनी विचारलं.

"आता नाही दिसत. पण हे कायम चार पावलं पुढे आणि मी पिशव्या घेऊन मागे. बाजारात तसंच, लग्नाकार्यात तसंच. माझ्यासमोर दुसरं होतं काय बघायला?"

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. काका हसले नाहीत. कानामागे बोट लावून ते उभे होते. मॅडमनी खूण लिहिली, काकांनी अंगठा लावला आणि कार्ड उद्या दुपारी मिळेल असा कागद हातात आला.

बाहेर पडल्यावर मी रिक्षा बघायला पुढे झालो. मागे वळून पाहिलं तर काका पायऱ्यांपाशी थांबले होते. काकू शेजारी येईपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं बरोबरीने निघाले. पण पावलं काही जुळेनात. काकूंचं पाऊल लहान, काकांचं लांब. ते पुढे जात, थांबत, परत मागे येत. शेवटी खाली मान घालून ते पुटपुटू लागले, "डावा, उजवा, डावा, उजवा..."

"तोंडाने नको," काकू म्हणाल्या. "नुसतं चाला."