अनाहितचं ‘त्सावत तानेम’

इंग्लंडमधलं ब्रॅकनेलचं ऑफिस सोडून बरीच वर्षं झाली, पण तिथली आम्ही चार मराठी माणसं चहाला जमलो की अनाहितचा विषय निघतोच. एक किस्सा सांगावा तर दुसरा आठवतो, आणि गॅसवरची भाजी करपते!

अनाहित आमच्या टेस्टिंग टीममधली पन्नाशीची आर्मेनियन बाई. कुणाचं बोट ड्रॉवरमध्ये चेमटो, कुणाची ट्रेन चुको, हिच्या तोंडून लगेच, "त्सावत तानेम!" मला वाटलं, आपल्या ‘अगं बाई’सारखं असेल काहीतरी. एकदा मॅनेजर ग्रॅहम शिंकला, तर त्यालाही तेच! बिचारा घाबरत म्हणाला, "हे चांगलंच आहे ना?"

*

शेवटी केटलपाशी आमच्या साताऱ्याच्या संदीपने अर्थ विचारला.

"तुझं दुखणं मी घेऊन जाते," ती म्हणाली.

अंगावर काटा आला हो माझ्या! एवढं मोठं बोलणं, आणि ही बाई ते शिंकेला वापरत होती!

"आलं कुठून हे?" मी विचारलं.

"नक्की कुणाला ठाऊक? माझी आजी म्हणायची, तिची आजी म्हणायची. दुखणं म्हणजे ओझं, कुणीतरी उचलायला हवं."

"आणि नेऊन ठेवता कुठे?" संदीप कसला गप्प बसतोय!

"हे आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं रे!" ती इतकी हसली की मगमधला चहा सांडला.

*

संदीपला ते फारच आवडलं. प्रिंटर अडकला, त्सावत तानेम. सर्व्हर पडला, त्सावत तानेम! अनाहितने एकदा झापलंच त्याला, "फुकट म्हणायचं नाही. म्हटलं की न्यावं लागतं!"

पुढच्याच आठवड्यात त्याची दाढ ठणकायला लागली, तर ही त्याच्या डेस्कवरचा, क्लायंटच्या तक्रारी घ्यायचा सपोर्टचा मोबाइल उचलून चालती झाली. अख्खा वीकेंड क्लायंटची बोलणी हिने खाल्ली. आम्ही थक्क!

*

मग संदीपच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. एकुलता एक मुलगा. त्याची आई साताऱ्याहून आली, तिला इंग्रजीचा गंध नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी धावतपळत पोचले, तर वेटिंग रूममध्ये अनाहित! रजा टाकून सकाळपासून काकूंचा हात धरून बसलेली, आणि तेच म्हणतेय. मी अर्थ सांगायला लागले.

"राहू दे गं, पोचलं मला," काकू म्हणाल्या. त्यांनी अनाहितच्या चेहऱ्यावरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग मला म्हणाल्या, "विचार हिला, हिचं दुखणं कोण नेतं?"

मी विचारलं.

"मुलगा होता मला," अनाहित म्हणाली. "आज संदीपएवढा असता."

मी ते मराठीत सांगितलं. काकूंनी तिचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि दोघी रडायला लागल्या. माझंही काही खरं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. सर्जन हसतच बाहेर आले. "सगळं छान झालंय. पेशंटची आई कोण?"

मी काकूंना मराठीत सांगायच्या आत दोघी उठून उभ्या राहिल्या!