न उगवलेलं ग्राफिक्स कार्ड

आधी चहा सांगा, मग सांगतो. आणि माझ्या शहाणपणाला हसायचं असेल तर मोकळेपणाने हसा, अख्खा एक तांडा हसून झालाय.

कापसाने आमच्या यवतमाळ जिल्ह्याची दैना करून टाकली, त्या वर्षांतली गोष्ट. पुसदला माझं लग्नाच्या शूटिंगचं आणि व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. आमच्या घराण्यात तीन पिढ्या सरकारी कचेरीत खर्डेघाशी करत आलेल्या. कॉम्प्युटरसमोर बसणारा मीच पहिला. त्यामुळे कॉम्प्युटरमधलं आपल्याइतकं कोणालाच कळत नाही, असा माझा ठाम समज. तो खोडून काढायला पुसदमध्ये कोणी नव्हतंही.

दुकानासमोरच्या हॉटेलात दोन टेबलं. एकावर कापसाच्या भावाची चर्चा: वाढेल, पडेल, दिवाळीनंतर बघा. दुसऱ्यावर मी. तेव्हा एक नवीन ग्राफिक्स कार्ड यायचं होतं. बाजारात अजून पत्ता नव्हता, पण इंटरनेट कॅफेत बसून मी त्याच्या सगळ्या अफवा वाचून काढल्या होत्या. सोमवारी मी सांगितलं, जुन्यापेक्षा दीडपट वेगवान असेल. बुधवारी ते दुप्पट झालं. शनिवारपर्यंत तिपटीवर गेलं, आणि खरं सांगतो, मधल्या दिवसांत मी नवीन काहीच वाचलं नव्हतं! पण कापसाच्या टेबलावरची मंडळी वळून "आज कार्ड काय म्हणते?" असं विचारायला लागल्यावर माणसाने आकडा खाली कसा आणायचा?

त्यातच धनसिंग काका आले. जवळच्या तांड्यावरचे बंजारा शेतकरी. त्यांच्या सुनीताच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं. जावई फौजेत, आसामात. पंधरा दिवसांनी रविवारी सुनीता त्याच्यासोबत निघणार होती, आणि जाताना तिला लग्नाची सीडी हवी होती. तिकडे तिच्या बोलीत बोलणारं कोणी नाही, निदान पडद्यावर तरी तांडा दिसेल म्हणून.

मी म्हटलं, काका, थोडं थांबा. आठ दिवसांत नवीन कार्ड येतंय, तीन दिवसांचं काम एका दिवसात होईल.

"कोणी लावून पाह्यलं का ते?" काकांनी विचारलं.

"अजून यायचंच आहे, काका."

"मंग तुले कसं माहीत?"

मी हसलो. अहो, मी हसलो! काकांनी समजावून सांगितलं की सोयाबीन पेरायच्या आधी ते शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजतात. थैलीवर काही का छापलेलं असेना. मी म्हटलं, काका, हे बियाणं नाही, टेक्नॉलॉजी आहे.

मग मी खरा पराक्रम केला. नवं आलं की जुन्याचा भाव पडणार. पडायच्या आत माल काढावा, हे शेजारच्या टेबलावरून ऐकून ऐकून माझ्या डोक्यात भिनलं होतं. म्हणून माझं चांगलं चालणारं कार्ड मी महागावच्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्या मास्तरांना विकून टाकलं. माझ्याकडे दुसरं नव्हतं. आता बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा आणि पडदा काळाच. आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे, म्हटलं.

आठाचे बारा झाले. बुधवारी नागपूरहून एसटीने पार्सल आलं. अगरबत्ती लावली, नारळ फोडला, कार्ड बसवलं. हॉटेलातली दोन्ही टेबलं दुकानात जमली. बटण दाबलं. पंखा घुर्र फिरला आणि सगळं बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. नागपूरच्या दुकानदाराला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला की या कार्डाला वीज फार लागते, तुमचा जुना पॉवर सप्लाय पुरणार नाही, नवा मागवतो, दहा दिवस लागतील. तिप्पट वेगाच्या नादात विजेचं मी वाचलंच नव्हतं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "उतरला ना भाव, विनयभाऊ."

गुरुवारी सकाळी काका सीडी न्यायला आले. मी मान खाली घालून सगळं कबूल केलं. वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार, आणि ते माझ्या हक्काचेच होते. काकांनी एकदा काळ्या पडद्याकडे पाहिलं.

"पोरगी रिकाम्या हातानं गेली त तिची याडी, तिची माय, मले घरात घेणार नाही," ते म्हणाले. "जुनं कोणापाशी हाय? गाडी काढ."

महागावला मास्तरांचा क्लास चालू होता. काकांनीच सांगितलं, पोरगी रविवारी लांब चाललीय, तीन दिवसांसाठी याचं कार्ड द्या. माझ्या मूर्खपणाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मास्तरांनी ऐकून घेतलं, कॉम्प्युटर बंद केला आणि स्क्रू काढून कार्ड हातात ठेवलं. परतताना मोटरसायकल मी चालवत होतो आणि मागे काका, कार्ड दुपट्ट्यात गुंडाळून लेकरासारखं छातीशी धरून बसलेले. खड्डा आला की "हळू चालव, हळू."

शनिवारी दुपारी सीडी तयार झाली. शेवटी आभाराच्या पाट्या असतात ना, त्या काकांनी शेजारी बसून सांगितल्या आणि मी टाइप केल्या. मंडपवाले, बँडवाले, मग "जुन्या कार्डाबद्दल महागावचे मास्तर". मी म्हटलं, काका, माझंही नाव येऊ द्या की.

"टाकू ना," काका म्हणाले. "लिही."

त्याच संध्याकाळी तांड्यावर सगळे टीव्हीपुढे बसले. सुनीता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, मधेच हसत होती. माझेही डोळे भरून आले. मास्तर आणि काका, दोघांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. मास्तरांनी कार्ड दिलं आणि काकांनी माझी लाज राखली. म्हणजे, जवळजवळ राखली. कारण शेवटची पाटी आली आणि तांडा जो हसत सुटला, तो थांबेचना. मीच टाइप केलेली होती ती, माझ्याच हातांनी, मागून आणलेल्या कार्डावर:

"नवीन कार्डाचा अंदाज: विनयभाऊ, पुसद. उगवण: शून्य."