चहा न सांडता पडणारा माणूस

ते आजोबा इंग्लंडमध्ये विनोदी नट होते, यावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता.

कॅनडातल्या स्कारबरोच्या ज्या सीनिअर्स होममध्ये मी काम करत होते, तिथे प्रत्येक जण पूर्वी कोणीतरी मोठा होता. एका आजोबांनी म्हणे आयुष्यभर विमानं उडवली होती. त्यांच्या मुलीनेच मला हळूच सांगितलं की डॅड विमानतळावर सामान चढवायचे. त्यात मी वसईची, भाजीबाजारात आईच्या शेजारी बसून वाढलेली. गिऱ्हाईक नुसतं वांगं दाबून बघतंय की पिशवीत टाकतंय, हे मला लहानपणीच कळायला लागलं होतं. नवरा चिडवतो, "तू चर्चमध्ये फादरकडेपण संशयाने बघतेस." बघते, त्यात काय.

तर २०१७चा तो हिवाळा. आजोबांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी सोळाव्या वर्षी समुद्रकाठच्या गावांतल्या उन्हाळी तमाशेवजा खेळांत सुरुवात केली. पुढे चाळीस वर्षं टीव्हीवर वेटर, पोस्टमन, पाद्री, नवरदेवाचा काका. काम एकच, पडणं. नायक बोलायचा, हे पडायचे. बायको गेल्यावर मुलीकडे कॅनडात आले. मुलीला दूर किचनर शहरात नोकरी लागली आणि हे इथे राहिले. पुरावा म्हणून त्यांनी मला एक अल्बम दाखवला. बारा-तेरा फोटो, पण एकातही चेहरा दिसेना. कुठे तोंडासमोर ट्रे, कुठे टेबलामागून वर आलेले नुसते बूट.

"चेहरा कसा दिसेल, लव्ह? मी पडत होतो ना," ते म्हणाले. सगळ्या बायकांना ते लव्हच म्हणायचे.

मी मान डोलावली. बूट काय, कोणाचेही असतात.

पण दर शुक्रवारी चहाच्या वेळी ते डायनिंग हॉलमध्ये पडून दाखवायचे, ते मात्र बघण्यासारखं होतं. अर्धा कप चहा घेऊन उभे राहायचे, सगळ्यांकडे एकदा नजर फिरवायचे, वाटेत काहीच नसताना पाय कशात तरी अडकायचा, आणि हे जमिनीवर. कप वर, चहाचा थेंब सांडलेला नसायचा. म्हाताऱ्या हसून हसून डोळे पुसायच्या. मला त्यांनी एकदा यातली मेख सांगितली होती. आधी लोकांकडे बघायचं, मग पडायचं. खरोखर पडतो तो आधी पडतो आणि मग बघतो, कोणी पाहिलं का.

आमच्याकडे कोणीही पडलं की फॉर्म भरायचा, असा नियम होता. महिन्यात तीन फॉर्म झाले की तपासणी, आणि बहुतेक वेळा त्यानंतर व्हीलचेअर. आजोबांसाठी सुपरवायझरने मला सांगून ठेवलं होतं, कारणाच्या जागी 'मुद्दाम' लिही, म्हणजे ते मोजत नाहीत. मी दर शुक्रवारी 'मुद्दाम' लिहून सही करायचे.

जानेवारीत ते इतर वारीही पडायला लागले. एकदा वॉशरूमच्या बाहेर, एकदा लिफ्टजवळ, एकदा स्वतःच्या खोलीत. मी धावत जावं तर हे आडवे, एक हात कप धरल्यासारखा वर, आणि विचारतात, "कसं वाटलं?" माझ्या मनात पाल चुकचुकली. रिकाम्या कॉरिडॉरमध्ये हा माणूस कोणासाठी नाटक करतोय? मला वाटलं, लाड करून घ्यायचे आहेत, दुसरं काय. मला रागच आला. त्या रागात मी तिन्ही फॉर्मवर 'मुद्दाम' असं ठळक लिहिलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून नुकताच आत आला होता. म्हणाला, "अगं, ॲक्टर आहे ना तो? प्रॅक्टिस करत असेल. तू कशाला इतकं टेन्शन घेतेस?"

"ॲक्टर आहे हे कोणी सांगितलं? त्यानेच ना?"

मी त्यांच्यावर नजर ठेवायची ठरवलं. पुढच्या बुधवारी अंघोळ घालताना त्यांच्या डाव्या कुल्ल्यावर मोठा काळानिळा डाग दिसला. शेजारी दुसरा, पिवळा पडत चाललेला. मी विचारलं तर म्हणाले, "धंद्यातल्या खुणा, लव्ह." चाळीस वर्षं पडणाऱ्याला कसं पडायचं ते कळत नसेल? इथे नक्की पाणी मुरत होतं.

शुक्रवारी मी दाराशी उभी राहून डोळ्यांत तेल घालून बघत होते. आजोबा उठले, कप उचलला, आणि पहिलं पाऊल टाकायच्या आतच कोसळले. चहा त्यांच्याच शर्टावर सांडला. हॉलमध्ये हशा पिकला. आणि मग, पडल्यावर, त्यांनी लोकांकडे बघितलं. सगळे हसताहेत याची खात्री करून घेतली आणि कपाचा हात वर केला. कप रिकामा होता.

ते तीन फॉर्म मीच लिहिले होते.

खोलीत शर्ट बदलताना त्यांनी विचारलं, "काय लिहिणार आहेस?"

"खरं काय ते."

"मुद्दाम लिही ना. उभं राहता आलं नाही तर पडणार कुठून मी?" हे म्हणताना ते हसले नाहीत. मला रडू आलं, ते मी त्यांच्या शर्टाची बटणं लावण्यात लपवलं. मग जाऊन फॉर्म भरला. लिहिलं, पाय उचलला गेला नाही. आधीच्या तीन फॉर्मबद्दलही सुपरवायझरला सांगितलं. ती मला भरपूर बोलली, आणि तिचं बरोबरच होतं.

व्हीलचेअर आली. दोन आठवडे आजोबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. शुक्रवारी चहाला यायचे, पण भिंतीकडे तोंड करून बसायचे. ते मला फार लागलं, पण मी रोज त्यांना मोजे घालायला जात राहिले.

तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी चेअर हॉलच्या मधोमध न्यायला सांगितली. अर्धा कप चहा मागून घेतला. मी दुसऱ्या टोकाला टेबलं पुसत होते. त्यांनी सगळ्यांकडे नजर फिरवली, सावकाश, तीच पडण्याआधीची नजर. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. वाटेतली खुर्ची पाडून मी धावले आणि व्हीलचेअरचे दोन्ही हात घट्ट धरले.

ते जागचे हललेही नव्हते. सगळा हॉल मला हसत होता, आणि कपातला चहा तसाच होता.

"बघ," ते माझ्या कानाशी म्हणाले, "आता बसला ना विश्वास?"

बसला होता. पण त्यांच्या दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं होतं, आणि हसणं थांबलं तरी त्यांची पकड सुटत नव्हती.