साडूंच्या बंदुकीचा ब्रेक

विकत घेण्याआधी वस्तूचा जीव नकोसा करणाऱ्या माणसांत जगात पहिला नंबर आमच्या साडूंचा, आणि दुसऱ्या नंबराची जागा त्यांच्या धास्तीनं रिकामीच असणार. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामावर लंडनजवळ पिनरला आले आणि तिथेच रुजले. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळतो हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की ते काम ते घरीही फुकट करू लागले. साधी विजेची किटली घ्यायला या गृहस्थांनी सात महिने लावले. एक्सेलमध्ये तक्ता केला, दर शनिवारी दुकानात जाऊन झाकणं उघडून-मिटून पाहिली, आणि तोवर ताई बिचारी पातेल्यात पाणी उकळत राहिली. "घाई कसली? चहा काय आपण एकदाच पिणार आहोत?" असं वर तिलाच विचारायचे.

अशा माणसाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर रायफलीचा नाद लागला. ऑफिसातल्या कुणीतरी एका रविवारी त्यांना रायफल क्लबात पाहुणा म्हणून नेलं आणि कॉलेजातल्या एनसीसीचं भूत पुन्हा अंगात आलं. ड्रायव्हिंग टेस्टला परीक्षकाच्याच चुका काढून ते तीनदा नापास झालेले, त्यामुळे दर रविवारी तासभर गाडी हाकून त्यांना रेंजवर नेणं माझ्या नशिबी आलं. लंडनच्या ट्रेनमध्ये बॉम्ब फुटल्यानंतरच्या त्या काळी आमच्या रंगाचा माणूस पाठीवर सॅक घेऊन ट्रेनमध्ये शिरला, तरी समोरचा पेपर खाली करून बघायचा. मग असा माणूस क्लबची बंदूक हातात घेऊन शेजारच्या चटईवर नेम धरायला पालथा पडल्यावर काय होणार? साडूंच्या दोन्ही बाजूंच्या चटया हळूच लांब सरकल्या. इंग्रज माणूस बोलत नाही, चटई सरकवतो. फक्त एक म्हातारबुवा, रिटायर्ड पोस्टमन, आपली चटई उचलून मुद्दाम साडूंच्या शेजारी आले आणि पुढे दर रविवारी तिथेच पडू लागले. श्वास कधी धरायचा, चाप कसा दाबायचा, ते त्यांनीच शिकवलं. पुढे लायसन्सच्या अर्जावर, या माणसाला मी ओळखतो, अशी सहीही त्यांनीच केली. साडू त्यांच्यासाठी ताईचा चिवडा न्यायचे आणि म्हातारबुवा "अ बिट लाइव्हली" म्हणत, डोळे पुसत तो संपवायचे. या देशात स्वतःहून माझ्या शेजारी आलेला हा एकच माणूस, हे वाक्य मी गाडीत इतक्यांदा ऐकलंय की मला त्याचे थांबेसुद्धा पाठ आहेत.

साडूंनी स्वतःची रायफल घेतली ती जुनी, दणकट. (ती निवडायला किती दिवस लागले ते विचारू नका.) गोळी सुटली की दस्ता खांद्यात असा बसायचा, की ताई आठवडाभर आंबेहळदीचा लेप लावायची. शिवाय नळीचं तोंड टुणकन वर उडायचं, त्यामुळे गोळी कुठे लागली ते साडूंना दिसायचंच नाही. स्वतःची चूक दिसत नाही हे त्यांना सोसवेना. यावर उपाय म्हणजे मझल ब्रेक. नळीच्या टोकाला आट्यांवर बसवायचा बोटभर लांबीचा पोलादी तुकडा, त्याला भोकं. गोळीमागचा वायू त्या भोकांतून बाहेर फेकला जातो आणि बंदूक कमी लाथाडते. झालं, एक्सेल उघडलं. भोकं वर असली तर नळी कमी उडते, बाजूला आणि मागे कललेली असली तर खांदा वाचतो. भोकं गोल की लांबट, वजन किती, गंज धरेल का. चौदा कॉलम आणि दोन वर्षं. मधल्या काळात साडू दिवाणखान्यातल्या कार्पेटवर झाडूचा दांडा खांद्याला लावून पालथे पडायचे, मी दुसऱ्या टोकाला लाटण्यानं ढकलायचं, आणि ते धक्क्याला दहापैकी मार्क द्यायचे. एकदा मी अगदी मनापासून ढकललं, त्यात आमच्या नात्याची सगळी वर्षं होती. त्यांनी खांदा चोळत "आउटलायर" अशी नोंद केली.

शेवटी सगळ्यात जास्त बेरजेचा ब्रेक आला. भोकं बाजूला, मागे कललेली. बंदुकांच्या मिस्त्रीनं नळीला आटे पाडून तो बसवला आणि त्या रविवारी साडूंनी पहिली गोळी झाडली. बंदूक जागची हलली नाही. ते मी मागे बाकावर बसून पाहत होतो, आणि बाकीचंही पाहत होतो. शेजारच्या म्हातारबुवांची टोपी उडाली, थर्मास आडवा झाला, आणि चटईवरची सगळी वाळू त्यांच्या तोंडावर गेली. त्यांनी टोपी उचलली, झटकली आणि म्हणाले, "व्हेरी इफेक्टिव्ह, आय मस्ट से." साडूंनी हे सर्टिफिकेट घरी ताईला तीनदा ऐकवलं.

पुढच्या रविवारी म्हातारबुवांची चटई रेंजच्या पार दुसऱ्या टोकाला होती. "द लाइट इज बेटर हिअर," ते म्हणाले. आभाळ तर सगळीकडे सारखंच भरलेलं होतं. परत येताना अर्ध्या रस्त्यात साडू म्हणाले, "शेवटी त्यालाही माझी भीती वाटली. चार वर्षं लागली, एवढंच." मला वाईट वाटलं आणि रागही आला.

"अहो, तुमची नाही, तुमच्या ब्रेकची," मी म्हटलं.

"पण तो इफेक्टिव्ह म्हणाला."

"मग काय शिव्या देईल? इतकी वर्षं इथे राहून एवढं कळू नये?"

त्यांना ते पटलं नाही. टेस्ट केल्याशिवाय त्यांना काहीच पटत नाही. म्हणून पुढच्या खेपेस मी क्लबच्या सेक्रेटरीला साडूंची रायफल चालवायची विनंती केली आणि साडूंना म्हातारबुवांच्या जुन्या जागी पालथं पाडलं. एकच गोळी सुटली. साडू उठून बसले तेव्हा मिशीत वाळू होती आणि कानावरचे डबे वाकडे झाले होते.

"चौदा कॉलम केले रे," ते म्हणाले, "शेजारच्याचा एकही नाही."

मग त्यांनी पाना मागून घेतला, ब्रेक काढून खिशात टाकला, आट्यांवर साधं टोपण बसवलं, आणि चटई नि चिवड्याचा डबा घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. "आय हिअर द लाइट इज बेटर," ते म्हणाले. म्हातारबुवांनी थर्मास पलीकडे ठेवून जागा करून दिली. ताईचा आंबेहळदीचा लेप पुन्हा सुरू झाला.

दोन हिवाळ्यांपूर्वी म्हातारबुवा गेले. तेव्हापासून साडूंच्या शेजारची जागा रिकामी आहे. ब्रेक अजून ड्रॉवरमध्ये तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. साडूंचा खांदा आता पार कामातून गेलाय, म्हणून परवा मी तो ब्रेक खिशात घालून नेला आणि रेंजवर त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "लावा आता. शेजारी आहे कोण?"

त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं. "आणि कुणी नवीन आलं तर?" ते म्हणाले, आणि आपली चटई जराशी बाजूला सरकवून त्यांनी शेजारी आणखी एक चटई मावेल एवढी जागा केली.